तेरच्या बाहुल्यांचे वय

पवनानगरहून कामशेतच्या वाटेस लागले म्हणजे डोंगराच्या कुशीत बेडसे लेणी लागतात, आणि तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांवर हत्तीघोड्यांच्या पाठीवर बसलेली जी स्त्रीपुरुषांची जोडपी कोरली आहेत, त्यांची जड कडी, मेखला आणि केशरचना ज्याने मन लावून न्याहाळली असेल, त्याला धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयात मांडलेल्या मातीच्या लहानशा बाहुल्या अनोळखी वाटत नाहीत. बेडशाचा दगड मात्र जागचा हलत नाही. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्पणक याच्या दानाचा ब्राह्मी लेख तेथेच आहे, व अक्षरांच्या वळणावरून लेण्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा ठरविता येतो. बाहुलीवर ना लेख, ना कर्त्याचे नाव; ती हातोहात फिरते आणि आपला ठावठिकाणा गमावून बसते.

तेरणेकाठचे हे गाव संत गोरोबाकाकांचे म्हणून वारकऱ्यांस ठाऊक आहे. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या मजलेवर जे तगर नोंदविले आहे, आणि जेथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे, ते हेच. त्या पेठेचे अवशेष पांढरीच्या टेकाडांत दडलेले आहेत. माळवदावर घालावयास पांढरी माती उकरून नेण्याची मराठवाड्यात जुनी वहिवाट. अशा उकरणीत व पावसाच्या ओहळांत जे मणी, नाणी आणि मृण्मूर्ती उघड्या पडत, त्यांचा संग्रह कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी केला, व त्यांच्याच नावाचे संग्रहालय आज शासनाच्या ताब्यात आहे. इतरांनी मातीमोल मानलेल्या तुकड्यांचा हा सांभाळ मला कोणत्याही राजाश्रयाहून थोर वाटतो.

ह्या बाहुल्यांपैकी उत्तम त्या केओलिन नामक पांढऱ्या, तलम मातीच्या. पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच केसांच्या मांडणीवर व कर्णभूषणांवर खिळते. जाणकार मात्र बाहुली आडवी धरून तिची कूस पाहतो. कानामागून खांद्यावर व तेथून खाली उतरणारी एक बारीक रेषा तेथे सापडली, म्हणजे कारागिराची सारी रीत उलगडते: पुढचे अंग एका साच्यात, मागचे दुसऱ्यात, माती आतून बोटांनी दाबून बसवावयाची, दोन्ही अर्धे ओलेपणीच सांधावयाचे आणि पोट पोकळ ठेवून भाजावयाचे. एकेरी साच्याच्या बाहुलीची पाठ सपाट राहते. दुहेरी साच्याची ही कारागिरी सातवाहनांच्या अमदानीत, रोमशी व्यापार भरास आला असता, दख्खनेत बहरली. आपल्या बुरणुसाप्रमाणे लोकर दाबून केलेल्या फेल्टच्या बाहुल्या इटलीतील ट्युरिनच्या लेंची कारखान्यातून १९१९ पासून निघू लागल्या, त्यांचे संग्राहकही मानेवरची नागमोडी शिवण आवर्जून तपासतात; कारण चेहऱ्याची नक्कल पुष्कळांना साधते, सांध्याचा हात सहसा उचलता येत नाही.

सांध्यावरून घराणे कळते, तारीख कळत नाही. तारखेस थराची साक्ष लागते. १९५८ साली चापेकर यांनी तेरला शास्त्रीय उत्खनन केले, तेव्हापासून कोणती वस्तू कोणत्या थरातली आणि कोणत्या नाण्यांच्या सोबतीची, हे दाखल्यानिशी सांगण्याची सोय झाली. दुसरी साक्ष दूरदेशीची आहे. १९३८ साली इटलीतील पाँपेईच्या राखेतून एक वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. व्हेसुव्हियसने ते नगर इसवी सन ७९ मध्ये गाडले, त्यामुळे ही मूर्ती त्यापूर्वीची, याबद्दल वाद संभवत नाही. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती बाहुल्या तेर येथे व जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळाल्या आहेत, आणि त्यांच्या अलंकारांशी मातीच्या बाहुल्यांचे अलंकार ताडून पाहता कालनिर्णयाचा एक भक्कम खुंटा हाती येतो.

लामतुरे यांनी वेचलेल्या वस्तूंना थर नाही, ही त्या संग्रहाची उणीव खरी; परंतु साचा एकच असेल तर उत्खननात निघालेल्या बाहुलीचा काळ संग्रहातील तिच्या जुळ्या बहिणीसही लागू पडतो. तेर, पैठण, भोकरदन व नेवासे येथील बाहुल्यांची साचावार नोंदवही एकत्र केल्यास पुष्कळ बेवारशी तुकड्यांना शतक मिळेल, आणि एकाच साच्याच्या बाहुल्या कोणकोणत्या पेठांपर्यंत पोहोचल्या, तेही त्याच दप्तरावरून वाचता येईल.