सॅक्सोफोनची डिग्री : बँडमधल्या पोरानं काय ऐकावं, काय सोडून द्यावं

लग्नसराईत खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठल्याही वरातीत पाहा. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या शेजारी गळ्यात अडकवलेला सॅक्सोफोन असतोच. डीजेनं बँडच्या बऱ्याच सुपाऱ्या पळवल्या, तरी नवरदेव घोड्यावर बसला की हे वाद्य लागतंच. अशा पथकातला एखादा पोरगा बारावी झाली की विचारतो, याची डिग्री असते का? मग ज्याला जे वाटेल ते तो सांगतो, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

डिग्री असते, पण जवळपास नाही. बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतो आणि तिथला संगीत विषय हिंदुस्तानी गायन-वादनाचा आहे. सॅक्सोफोनवर जॅझ शिकायचं तर चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये काढलेली संस्था किंवा मुंबईतल्या खासगी संस्था, नाहीतर थेट परदेश. तोवर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा देता येतात. त्यांत सॅक्सोफोन आहे आणि जॅझही आहे. त्या म्हणजे पदवी नव्हे; आपल्याकडच्या गांधर्व मंडळाच्या परीक्षांसारखी ती पायरी आहे.

घरच्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे बँडवाल्यांचं वाद्य, विद्यापीठात त्याला कोण विचारतो? या गैरसमजात जातीची आणि हलक्या समजल्या गेलेल्या कामाची जुनी अढी मुरलेली आहे, म्हणून तो लवकर जात नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जॅझ वाढलं ते न्यू ऑर्लिन्समध्ये, मिरवणुकीत आणि प्रेतयात्रेत वाजणाऱ्या रस्त्यावरच्या बँडांतून. अमेरिकेत जॅझची पहिली पदवी १९४७ मध्ये नॉर्थ टेक्सासच्या कॉलेजात सुरू झाली, तेव्हा तिच्यावर 'जॅझ' असं लिहायलाही लोक बिचकले. 'डान्स बँड' असं नाव दिलं. आपल्याकडे कद्री गोपालनाथ यांचे वडील नागस्वरम वाजवायचे. मुलानं म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला, वाद्यात फेरफार करून त्यावर कर्नाटक संगीत बसवलं आणि २००४ मध्ये पद्मश्री मिळवली.

दुसरा समज: पितळेचं वाद्य, जोर लावून फुंकलं की झालं. बेल्जियमच्या अदोल्फ साक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला याचं पेटंट घेतलं तेव्हापासून ते पितळेचंच आहे, पण वाद्यांच्या कुळात ते बासरी-क्लॅरिनेटसोबत बसतं. सनईला जशी पत्ती, तशी याला बोरूसारख्या गवताची रीड. फक्त सनईची दुहेरी, याची एकेरी. आवाज त्या पत्तीच्या थरथरण्यातून येतो, आणि ओठ आवळून धरले की पत्ती थरथरत नाही. वरातीत ढोल-ताशाच्या वर आवाज काढायची सवय लागलेल्या पोराचा पहिला महिना हा आवळलेला ओठ सैल करण्यातच जातो. मास्तर एकच सूर लांबवायला लावतात, रोज. खर्ज भरणं ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवं नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं. इथं जरा थांबावं लागेल.

नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात बहुधा बारा बारचा ब्लूज देतात. बार म्हणजे चार मात्रांचा विभाग धरा, मग हे ४८ मात्रांचं आवर्तन झालं. पहिले चार बार सा च्या कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे: सा, ग, प आणि कोमल नी. पाचव्या बारला कॉर्ड मध्यमाचा होतो: म, ध, सा आणि कोमल ग. म्हणजे आतापर्यंत गोड लागलेला शुद्ध गंधार त्या जागी खटकतो, त्याला कोमल करावं लागतं. सातव्या बारला तो परत शुद्ध. नवव्याला पंचमाचा कॉर्ड येतो, प, नी, रे, म, आणि कोमल निषाद सोडून शुद्ध धरावा लागतो. अकराव्याला परत सा. हे सगळं ताल न चुकता, नवी ओळ रचत, मागच्या ड्रमवाल्याकडे कान ठेवून. ब्लूज वाजवणारे पहिल्या चार बारमध्येही मुद्दाम कोमल गंधार लावतात हे खरं, पण ती खोडी नियम अंगात मुरल्यावरच शोभते.

जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करनं १९५४ च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की तीन-चार वर्षं तो दिवसाला अकरा ते पंधरा तास रियाज करायचा. दुसरा सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स नावाजलेला असताना १९५९ मध्ये कार्यक्रम थांबवून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत बसला, तो १९६१ पर्यंत. हाच रोलिन्स पुढे पवईच्या आश्रमात काही महिने राहिला आणि १९७८ च्या मुंबईच्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात वाजवून गेला. मनाला येईल ते वाजवणाऱ्याला इतकी तालीम लागत नाही.

यातून निघणारा उपसमज म्हणजे, आम्ही राग शिकलोय, आम्हाला उपज येते, जॅझ सोपं जाईल. अर्धं खरं आहे. समेवर येणं, आवर्तनाचं भान, ऐकून उचलणं, हे सगळं कामी येतं. पण रागात सा हलत नाही आणि सुरांचं नातं त्याच्याशीच असतं. जोगमध्ये दोन्ही गंधार येतात, पण ते चढ-उतारावर ठरतात, पेटीवाल्यानं खाली काय दाबलंय यावर नव्हे. जॅझमध्ये खालची जमीन दर दोन बारला सरकते. वरातीत सगळे मिळून एकच चाल वाजवतात, त्यामुळे बँडच्या पोरालाही ही सवय नसते. म्हणून विद्यापीठात सॅक्सोफोनवाल्यालाही पियानो शिकावा लागतो. यात कुणाची सुटका नाही, आणि नसावी.

"कान तयार आहे, नोटेशन कशाला?" असंही विचारतात. कारण जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात, म्हणजे बिग बँडमध्ये, पाच सॅक्सोफोन एका ओळीत बसतात, दोन ऑल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन, आणि समोर ठेवलेलं पान लगेच वाजवायचं असतं. शिवाय सॅक्सोफोनची एक गंमत आहे. ऑल्टोवर कागदावरचा 'सी' वाजवला की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. पियानोवाला पांढरी एकमध्ये वाजवत असेल तर ऑल्टोवाल्यानं 'ए' धरायचा. हे गणित बोटांत बसेपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांची रोज त्रेधा उडते.

रोज स्टेजवर वाजवायला मिळतं, हाही भ्रमच. आठवड्यातून गुरूसमोर एकट्याचा साधारण तासभर वर्ग, छोट्या गटाची आणि बिग बँडची तालीम, कॉर्डशास्त्र, कानाची तयारी, जॅझचा इतिहास, आणि सत्राच्या शेवटी परीक्षकांपुढे वादन. उरलेला वेळ बंद खोलीत एकट्यानं. जुन्या वादकाचा एखादा मिनिटभराचा तुकडा ऐकून ऐकून तंतोतंत उतरवायचा, श्वासासकट.

फुंकून छाती खराब होते, असं आजी म्हणते. खरा त्रास मानेला, उजव्या अंगठ्याला आणि कानांना होतो. वाद्याचा भार खांद्यांवर घेणारा पट्टा वापरावा. आणि मे महिन्यातल्या भरदुपारच्या वरातीत सूर चढा लागला म्हणून वाद्याला शिव्या देऊ नयेत. हवा तापली की सूर चढतोच. माउथपीस थोडं बाहेर ओढायचं.

नोकरीचं काय? पदवी घेऊन भारतात जॅझवर घर चालवणारे मोजकेच. बाकीचे शिकवतात, स्टुडिओत वाजवतात, हॉटेलात किंवा जहाजावर जातात. सॅक्सोफोन वाजवून दरमहा पगार हवा असेल तर तो लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडमध्ये आहे. लष्कराचं संगीत प्रशिक्षण पचमढीला होतं, आणि महाराष्ट्र पोलीस भरतीत बँडस्मनची पदं निघतात. त्यात कमीपणा नाही, उलट रोजचं वाचन आणि शिस्त फुकट मिळते.

तरीही जायचं ठरलं, तर मलकापूरहून मुंबईची गाडी धरण्याआधी संस्थेला फोन करून दोन प्रश्न विचारा. सॅक्सोफोन प्रत्यक्ष कोण शिकवतं, आठवड्याला किती तास? आणि सोबत वाजवायला ड्रम, बास, पियानोचे विद्यार्थी आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.