बाजरीची अमेरिकन आई

हायब्रीड बाजरीची पिशवी आज तालुक्याच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. 1965 पूर्वी मात्र असे बियाणे बनवायचे कसे, हाच प्रश्न होता. बाजरीच्या कणसात शेकडो इवली फुले, त्यांत स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही. चिमट्याने पुंकेसर काढत बसले तर एकरभर पेरण्याइतकेही बी हाती लागणार नाही.

वाट सापडली ती अमेरिकेत. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन बाजरीवर काम करत होते, तेही गुरांच्या चाऱ्यासाठी! त्यांनी तयार केलेल्या ‘टिफ्ट 23ए’ या वाणात कार्यक्षम परागच तयार होत नाहीत. शेजारच्या ओळीत दुसरा वाण पेरला की त्याचे पराग वाऱ्याने येतात आणि या कणसांत धरतो तो दाणा आपोआप संकरित होतो. लुधियानात दिलबागसिंग अठवाल यांनी ही अमेरिकन आई आणि पंजाबातला बाप जुळवला. 1965 मध्ये ‘एचबी 1’ आला आणि 1970-71 पर्यंत देशाचे बाजरीचे उत्पादन 80 लाख टनांवर गेले.

मग गोसावी आला. या रोगात कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. रोगाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. टिफ्ट 23ए जिथे वाढला तिथे हा रोगच नव्हता, त्यामुळे प्रतिकाराची परीक्षा कधी झालीच नव्हती. एचबी मालिकेतल्या सुरुवातीच्या सगळ्या संकरांची आई हीच. एकीला बाधला तो रोग सगळ्यांना बाधला आणि सत्तरीच्या दशकात शिवारेच्या शिवारे गेली. संशय आधी नरवंध्यत्व, म्हणजे पराग न धरण्याचा गुण, आणणाऱ्या पेशीद्रवावर होता. पुढे कळले, दोष त्याचा नव्हे, केंद्रकातल्या जनुकांचा. माझ्या मते बाजरीच्या पैदाशीचे खरे शिक्षण या पडझडीतच झाले. जास्त पिकणारा वाण शोधणे हे अर्धेच काम. रोगाच्या पुढे राहण्यासाठी आईबाप सतत बदलत राहावे लागतात.

आता त्याला जनुकीय खुणांची जोड मिळाली आहे. हरियाणातला ‘एचएचबी 67’ जेमतेम 65 दिवसांत काढणीला येतो, म्हणून कमी पावसाच्या भागात लोकप्रिय. तोही गोसाव्याला बळी पडू लागला. तेव्हा पैदासकारांनी रोपाच्या पानातला डीएनए तपासून, प्रतिकारक जनुके आलेली रोपेच पुढच्या संकरासाठी निवडली. सुधारित वाण 2005 मध्ये आला. बाहेरच्या जीवाचे जनुक यात घातलेले नाही. बीटी कापसाशी याची गल्लत नको.

1950 च्या दशकात हेक्टरी सुमारे 300 किलो पिकणारी बाजरी आज देशात सरासरी 1200 किलोंच्या पुढे गेली आहे, तीही बहुतेक कोरडवाहू रानात.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली एक गोष्ट त्याहून वेगळी. उत्तर टोगोतल्या टपोऱ्या दाण्याच्या स्थानिक बाजरीतून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ‘आयसीटीपी 8203’ निवडला गेला. त्यातूनच लोहाचे प्रमाण वाढवून केलेला ‘धनशक्ती’ 2012 मध्ये आपल्याकडे प्रसारित झाला. तो हायब्रीड नाही. दुसऱ्या बाजरीपासून दूरच्या रानात पेरून, चांगली कणसे निवडली तर त्याचे बी पुढल्या सालासाठी राखता येते. हायब्रीडचे बी मात्र घरी ठेवू नका. दुसऱ्या पिढीत पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो.