करवीरकरांचा समुद्र

शिरोळच्या माणसाला पाण्याचे नवल नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, आणि पावसाळ्यात पादुकांवरून वाहणारे पाणी हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. पण ह्या नद्या पूर्वेला जातात, आणि त्यामुळे असेल, 'आमचा समुद्र' हे शब्द इकडे कुणाच्या तोंडी येत नाहीत. वास्तविक १७३१ मध्ये वारणेचा तह होऊन वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरच्या गादीकडे आला, तेव्हा त्याच गादीच्या पदरी मालवणचा सिंधुदुर्गही होता. घाटावरच्या ह्या दौलतीला एक जलदुर्ग होता, आरमार होते!

सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ च्या नोव्हेंबरात शिवछत्रपतींच्या हस्ते झाली. समोरच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. तेथे पूजा करून काम सुरू झाले. कुरटे बेटावर तीन वर्षे टाकी वाजत होती. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी गोड्या पाण्याची तीन बावडी खाऱ्या समुद्राच्या पोटात आजही आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिरही येथलेच.

आता हा किल्ला हातचा गेला कसा? १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. मालवणकर चाचेगिरी करतात, ही त्यांची तक्रार. (चाचा कोण आणि राजा कोण, हे बहुधा ज्याच्या हाती लेखणी त्याने ठरवायचे!) पण किल्ला राखणे परवडेना, आणि तट पाडावा म्हटले तर पडेना. अखेर जिजाबाई राणीसाहेबांच्या कारकिर्दीत पावणेचार लाखांहून अधिक रुपये घेऊन त्यांनी तो करवीरला परत दिला. तोफांना जे साधले नाही ते पुढे कागदाने साधले. १८१२ च्या तहात सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे चारही किल्ले कोल्हापूरकरांना इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्या दिवशी करवीरचा समुद्र संपला.

पुढची हानी सावकाश झाली. आरमारच नाही, तेव्हा किल्ल्याला काम उरले नाही. शिबंदी गेली, वाडे बसले. राहिली ती थोडी घरे, माड आणि देवळे. तटाच्या सांध्यांत झाडांनी मुळे रोवली, पश्चिमेच्या अंगाला लाटांचा मारा अखंड चालूच आहे. जोडकिल्ल्यांची दशा तर त्याहून वाईट. पद्मगडाचे अवशेष उरले आहेत, राजकोट बव्हंशी नाहीसा झाला. त्याच राजकोटावर २०२३ च्या डिसेंबरात महाराजांचा पुतळा उभारला, तो नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला, आणि त्याच वर्षी युनेस्कोने सिंधुदुर्गाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले. समोरचा साडेतीनशे वर्षांचा तट ह्या साऱ्या धामधुमीकडे पाहत उभा आहे.

सुटीत फोंडा घाट किंवा गगनबावडा उतरून मुलांना तेथे जरूर न्या. होडी थेट तटापाशी जाईपर्यंत महादरवाजा दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो दडवला आहे. आत गेल्यावर दरवाजाजवळच्या दोन लहान घुमट्या बघायला विसरू नका. चुन्यात उमटलेले महाराजांचे हाताचे आणि पायाचे ठसे म्हणून लोक तेथे फूल वाहतात.