कल्पना आहेत, भांडवल कुठे आहे?

घाटकोपरच्या शाळेत शिकणाऱ्या तिलक मेहताने 2018 साली, वयाच्या तेराव्या वर्षी ‘पेपर्स एन पार्सल्स’ ही कंपनी काढली. मोबाइलवर मागणी नोंदवायची आणि डबेवाल्यांनी त्याच दिवशी पार्सल पोहोचवायचे. पोराच्या हुशारीचे कौतुकच आहे. पण वडील मालवाहतुकीच्या धंद्यातले, हेही विसरता येत नाही.

त्याच घाटकोपरात माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 रोजी तिथे पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे मारली गेली. तिथल्या पोरांना कल्पना सुचत नाहीत काय? सुचतात. पण पैसा घालणारे कोणी नसते. मग तो पोरगा दुसऱ्याच्या कंपनीचे पार्सल पाठीवर घेऊन जिने चढतो.

बडोद्याहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. जात कळताच गिऱ्हाईके तुटली. विद्वत्ता होती, बाजार जातीचा होता.

अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी 2015 साली व्हेंचर कॅपिटल फंड आणि 2016 साली ‘स्टँड-अप इंडिया’ योजना सुरू झाली. त्यांची माहिती किती वस्त्यांत पोहोचली? सरकारकडे जाब मागूच. पण जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा वस्तीतल्या एका होतकरू पोराच्या धंद्यासाठी काढून ठेवायला आपल्याला कोणी अडवले आहे?