संगणकातल्या बासरीची फुंकर

पियानोची पट्टी दाबली की सूर उमटतो आणि आपोआप विरत जातो. बासरीचा सूर मात्र फुंकर असेतो वाढतो, थरथरतो, मंदावतो. कीबोर्डवरची आभासी बासरी निर्जीव वाटते ती यामुळेच: पट्टी किती जोरात दाबली, एवढेच तिला कळते, तेही सुरुवातीलाच. यावर उपाय आहे: वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत फुंकरीसाठी २ क्रमांकाचा स्वतंत्र नियंत्रक आहे, ० ते १२७ पायऱ्यांचा. फुंकून चालणारे उपकरण किंवा साधी सरकपट्टी त्याला जोडा. जोरात फुंकल्यावर खऱ्या बासरीचा आवाज नुसता वाढत नाही, सूर उजळतो; म्हणून फुंकरीबरोबर सुराचा पोतही बदलू द्या. कंप सूर स्थिरावल्यावरच आणा. मींड घ्यायची तर सूर वर-खाली सरकवणाऱ्या पिचबेंडची कक्षा वाढवा, ती सहसा दोनच अर्धस्वरांची असते. आणि दोन ओळींमध्ये श्वासाला जागा हवीच.