कोटेशन पाठवलं, पण समोरच्याला वाचताच आलं नाही! मोफत लिब्रेऑफिस बसवा आणि फाइलची पीडीएफ नीट करा

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, "ताई, फाइलची पीडीएफ करायला काय शिकायचंय?" मीही असंच म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी त्याच गैरसमजापायी हातातली ४६ हजारांची ऑर्डर गेली. म्हणून आधी तो किस्सा सांगते, मग सॉफ्टवेअरकडे वळू.

बार्शीत आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जून तोंडावर आला होता. एका शाळेने वह्या, रजिस्टर आणि प्रिंटिंग पेपरसाठी कोटेशन मागवलं. मी रात्री बसून मराठीत छान कोटेशन टाइप केलं आणि वर्डची फाइल तशीच व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. दोन निळ्या टिका आल्या. मी निवांत.

तिसऱ्या दिवशी फोन केला तर सर म्हणाले, "ताई, तुमची फाइल उघडली हो, पण आत सगळी इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी पडलेली. आम्हाला वाटलं चुकून दुसरंच काही आलं. काल मीटिंग होती, जे वाचता आलं त्यांना ऑर्डर दिली."

सरांची यात काहीच चूक नव्हती. दर माझेही बरे होते. पण मी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. तो फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर होता, सरांच्या मोबाइलवर नव्हता. १५ टक्के मार्जिन धरलं तरी जवळपास सात हजार रुपये गेले, तेही दोन मिनिटांच्या कामासाठी. बीबीएला कॉस्टिंग शिकले, पण "न वाचता आलेल्या कोटेशनची किंमत" हा धडा मला दुकानात मिळाला.

वर्ड फाइल आणि पीडीएफ यात फरक काय?

वर्डची फाइल म्हणजे कच्चा माल समजा. उघडणाऱ्याच्या मशीनवर जो फॉन्ट असेल, जे ॲप असेल, तशी ती दिसते. तक्ता सरकतो, रुपयांचा रकाना दुसऱ्या पानावर जातो. शिवाय समोरच्याला त्यात बदलही करता येतो. पीडीएफ म्हणजे पॅक केलेला माल. फॉन्ट फाइलच्या आतच जातो, त्यामुळे तुम्हाला जे दिसतं तेच समोरच्याला दिसतं.

म्हणजे साधा नियम: स्वतःजवळ ठेवायची ती एडिट होणारी फाइल, बाहेर पाठवायची ती पीडीएफ.

ऑनलाइन कन्व्हर्टर का नको?

ऑर्डर गेल्यावर मी काय केलं? गुगलवर शोधलं, पहिली जी मोफत साइट आली तिच्यावर फाइल टाकली, पीडीएफ मिळाली, खूश! हळूहळू सवयच लागली. एक दिवस बचत गटातल्या एक मावशी कर्जाच्या फाइलसाठी आल्या. पासबुक, आधार, पॅन असं सगळं घेऊन. मी नेहमीप्रमाणे ते त्या साइटवर टाकायला लागले. मावशींनी सहज विचारलं, "बाई, हे आता कुठं गेलं गं माझं आधार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, कुठं गेलं? कोणाच्या सर्व्हरवर, किती दिवस राहणार, काही माहीत नाही. काही साइट फाइल ठरावीक वेळाने डिलीट करतो असं लिहितात, पण ते तपासायला आपण जाऊ शकत नाही. गिऱ्हाईक विश्वासाने कागद हातात देतं. तो आपण अनोळखी माणसाच्या दारात ठेवून यायचा का? त्या दिवसापासून ठरवलं, गिऱ्हाइकाचा कागद माझ्या मशीनच्या बाहेर जाणार नाही.

जमेल तिथे आधारची मास्क्ड प्रत वापरा हेही सांगते. यूआयडीएआयच्या साइटवरूनच ती डाउनलोड होते आणि त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. जिथे पूर्ण नंबर मागितलेलाच नाही तिथे तो द्यायचं कारण नाही.

मग उपाय काय? लिब्रेऑफिस

लिब्रेऑफिस हे पूर्ण ऑफिस सॉफ्टवेअर आहे. वर्डसारखं रायटर, एक्सेलसारखं कॅल्क, पॉवरपॉइंटसारखं इम्प्रेस. २०१० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळं होऊन ते सुरू झालं आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. घरी वापरा, दुकानात वापरा, दहा कॉम्प्युटरवर टाका, लायसन्सचे पैसे नाहीत. धंद्यासाठी वापरलं तरी नाहीत. क्रॅक केलेलं ऑफिस टाकून व्हायरस घरी आणण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आणि एकदा बसवलं की कन्व्हर्ट करायला इंटरनेटही लागत नाही.

बसवायचं कसं?

१. ब्राउझरमध्ये लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. सारख्या नावाच्या साइट असतात आणि त्यांच्यासोबत नको ती सॉफ्टवेअर येतात.

२. डाउनलोडवर जा, तुमची सिस्टिम निवडा. फाइल साधारण साडेतीनशे एमबीची आहे, त्यामुळे मोबाइल डेटावर असाल तर आधी पॅक बघा. डोनेशनचं पान दिसलं तर घाबरू नका, ते ऐच्छिक आहे. ॲप स्टोअरवर हेच सॉफ्टवेअर पैसे घेऊन मिळतं, साइटवर मोफत आहे.

३. दुकानात जुनी विंडोज ७ ची मशीन आहे? मग २५.८ किंवा त्यापुढची आवृत्ती चालणार नाही. त्याच साइटवर जुन्या आवृत्त्यांचा साठा आहे, तिथून घ्या.

४. फाइलवर डबल क्लिक करा. "टिपिकल" की "कस्टम" विचारेल. घाई असेल तर टिपिकल. मेनू मराठीत हवे असतील तर कस्टम घेऊन यूजर इंटरफेसच्या भाषांमध्ये मराठी निवडा.

५. बसल्यावर टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषेच्या विभागात जाऊन "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करा आणि तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार हे सॉफ्टवेअर इंग्रजीपासून वेगळा धरतं. ही टिक राहिली की "ताई, मराठी अक्षर मोठंच होत नाही" अशी तक्रार येते.

पीडीएफ करताना हे चार पर्याय बघा

फाइल मेनूत "एक्सपोर्ट ॲज", मग "एक्सपोर्ट ॲज पीडीएफ". एक खिडकी उघडते. बहुतेक लोक न वाचता पुढे जातात. तुम्ही थांबा.

*पानं:* पूर्ण फाइल, ठरावीक पानं किंवा फक्त निवडलेला भाग. दहा पानांच्या रेट लिस्टमधून गिऱ्हाइकाला दुसरंच पान हवं असेल तर तेवढंच द्या.

*चित्राचा आकार:* सरकारी पोर्टलवर "फाइल मोठी आहे" म्हणून अर्ज अडतो ना, त्याचं उत्तर इथे आहे. जेपीईजी कॉम्प्रेशन निवडा, क्वालिटी कमी करा आणि इमेज रेझोल्यूशन १५० डीपीआयवर आणा. मग फाइल उघडून अक्षरं वाचता येतात का ते बघा. आकार बसला पण नंबर पुसट झाला तर अर्ज परत येईल, मग काय उपयोग?

*हायब्रिड पीडीएफ:* यात पीडीएफच्या पोटात मूळ एडिट होणारी फाइलही जाते. स्वतःच्या रेकॉर्डसाठी मस्त, कारण पुढच्या वर्षी तीच फाइल उघडून दर बदलता येतात. पण गिऱ्हाइकाला पाठवताना ही टिक काढा. नाहीतर तुमची मूळ फाइल आयती समोरच्याच्या हातात.

*सिक्युरिटी:* इथे पासवर्ड लावता येतो. कोणाचं बँक स्टेटमेंट पाठवत असाल तर लावाच. पासवर्ड त्याच मेसेजमध्ये लिहू नका, फोन करून सांगा.

एक्सेलचं कोटेशन अर्धं कापलं जातंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. शीट रुंद असते, त्यामुळे "एकूण रक्कम" हा रकाना वेगळ्या पानावर जातो. कॅल्कमध्ये फॉरमॅट, मग पेज स्टाइल, मग शीट या टॅबवर जा. स्केलिंग मोडमध्ये रुंदीला एक पान बसवायचा पर्याय निवडा. रकाने खूपच असतील तर पान आडवं करा. आणि बाजूला खरेदीचे दर, मार्जिन असं खासगी लिहिलं असेल तर आधी फॉरमॅटमधल्या प्रिंट रेंजने फक्त गिऱ्हाइकाचा भाग ठरवा. आमच्या एका विद्यार्थ्याने मार्जिनच्या रकान्यासकट पीडीएफ पाठवली होती. पुढची बोलणी कशी झाली असतील, तुम्हीच विचार करा.

काय होत नाही, तेही ऐका

खोटी आशा दाखवणार नाही. पीडीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडली की ती ड्रॉमध्ये उघडते. एखादा शब्द, तारीख बदलायला ठीक आहे, पण त्यातून सरळ सुबक वर्ड फाइल मिळेल असं समजू नका. स्कॅन केलेला कागद असेल तर तो नुसता फोटोच असतो, त्यातली अक्षरं हे सॉफ्टवेअर ओळखत नाही. वर्डची खूप सजवलेली फाइल उघडल्यावर मांडणी थोडी हलू शकते, म्हणून पीडीएफ करण्याआधी एकदा खालपर्यंत नजर फिरवा.

जुन्या फॉन्टमधला मजकूरही ते आपोआप युनिकोड करून देत नाही. फॉन्ट तुमच्या मशीनवर असेल तर पीडीएफ बरोबर दिसेल, पण कोणी त्यातलं काही कॉपी केलं तर पुन्हा तीच उलटीसुलटी अक्षरं. म्हणून नवीन काम युनिकोडमध्येच सुरू करा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आणि निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट आधीपासून असतो. आठवडाभर बोटं अडखळतील, मग बसतात.

एक सवय अजून. सेव्ह करताना ओडीटी की वर्ड असं विचारतं. दुसऱ्याला एडिट करायला द्यायची फाइल असेल तर वर्ड निवडा, स्वतःची असेल तर ओडीटी चालेल.

आजचं काम

वाचून सोडून देऊ नका. आज दुकान बंद करायच्या आधी तुमचं शेवटचं कोटेशन उघडा, त्याची पीडीएफ करा आणि आधी घरातल्याच कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवा. तुमच्या नाही, दुसऱ्याच्या. नाव वाचता येतं का, रक्कम पूर्ण दिसते का, तुमचा फोन नंबर आहे का, हे त्यांना विचारा. मी आजही प्रत्येक मोठं कोटेशन आधी सासूबाईंच्या मोबाइलवर पाठवते. त्यांना कळलं की समजायचं, गिऱ्हाइकालाही कळेल.

त्या शाळेने पुढच्या जूनला पुन्हा कोटेशन मागवलं. या वेळी पीडीएफ गेली, एका पानात, पूर्ण मराठीत. सगळी ऑर्डर नाही मिळाली, पण रजिस्टरची मिळाली. आणि हो, मावशींच्या कर्जाची फाइलही आमच्याच मशीनवर तयार झाली. "आता कुठं गेलं गं माझं आधार?" असं त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे बघा मावशी, तुमच्याकडेच आहे."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा वाढवा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास जपा!