शर्यतीच्या वेगाचा सराव : जलतरणातील एक विचार



तापीच्या खोऱ्यातील आपल्या भागात पोहण्याची विद्या पुष्कळांना नदीने किंवा विहिरीने शिकविली. ते पोहणे पाण्यावर तग धरण्याचे असते, तेथे घड्याळ नसते. आज मी ज्या पोहण्याविषयी बोलणार आहे ते मात्र पूर्णतः घड्याळाशी बांधलेले आहे. ५० आणि १०० मीटरच्या वेगवान शर्यतींसाठी सराव कसा करावा, हा आजचा विषय.

या शर्यतींत किती अल्प अंतराने निकाल लागतो, हे एका उदाहरणावरून ध्यानी यावे. कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांनी २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर फुलपाखरू प्रकारात कांस्यपदक मिळविले. १९८६ साली सोल येथे खजानसिंग यांनी रौप्यपदक जिंकल्यानंतर, या स्पर्धेतील जलतरणात भारताला २४ वर्षांनी मिळालेले हे पदक होय. पुढे २०१८ साली जकार्ता येथे ५० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरीत खाडे यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. अंतिम फेरीत त्यांची वेळ २२.४७ सेकंद भरली. कांस्यपदक २२.४६ सेकंदांना गेले आणि खाडे चौथे आले. त्या वेगाने एका सेकंदाच्या शंभराव्या भागात जलतरणपटू सुमारे सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्या अंतराने पदक हुकले.

तेव्हा प्रश्न असा की, इतक्या सूक्ष्म फरकासाठी तयारी करणाऱ्याने रोज अनेक किलोमीटर संथपणे पोहावे काय? परंपरा तसे सांगत आली. परंतु पाण्याचा स्वभाव निराळा आहे. वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग केवळ एक दशांशाने वाढविण्यास सुमारे एकतृतीयांश अधिक शक्ती खर्चावी लागते. म्हणून संथ पोहताना हातांची गती, शरीराची ठेवण आणि श्वासाची लय एक असते, तर शर्यतीत ती दुसरीच असते. मज्जासंस्था ज्या हालचालीची आवृत्ती करते तीच अंगवळणी पडते. संथपणाची आवृत्ती केल्यास अंगवळणी संथपणाच पडतो.

अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रेंट रशॉल यांनी या विचारातून एक पद्धत मांडली. तिचे स्वरूप सोपे आहे. १०० मीटर ६० सेकंदांत पोहण्याचे ध्येय असेल, तर २५ मीटरचा टप्पा १५ सेकंदांत पोहावा, १५ ते २० सेकंद विसावा घ्यावा आणि पुन्हा त्याच वेगाने निघावे. अशा वीस-तीस आवृत्त्या योजाव्यात. ठरलेली वेळ चुकली की एक आवृत्ती वगळून दम घ्यावा. लागोपाठ दोनदा किंवा एकूण तीनदा वेळ चुकली की त्या दिवशीचा तो सराव तेथेच थांबवावा.

टप्पा लहान असल्याने स्नायूंतील तत्काळ वापरावयाची शक्ती विसाव्यात पुष्कळशी भरून येते, अतिरेकी थकवा साचत नाही आणि एरवी एकदाच गाठता येणारा वेग त्याच दिवशी अनेकदा गाठता येतो. या पद्धतीने तयार झालेला मायकेल अँड्र्यू हा २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये मिश्रशैली रिले शर्यतीत सुवर्णपदक व विश्वविक्रम मिळविणाऱ्या अमेरिकन संघात होता.

तथापि ही पद्धत सर्वमान्य झाली आहे, असे मी म्हणणार नाही. अनेक नामांकित प्रशिक्षक आजही लांब अंतराचा पाया आवश्यक मानतात आणि कोरड्या जमिनीवरील बलवर्धक व्यायामास महत्त्व देतात. ५० मीटरच्या शर्यतीत तर सुरुवातीची उडी आणि नियमाने १५ मीटरपर्यंत मर्यादित असलेला पाण्याखालचा प्रवास यांचा निराळा अभ्यास करावा लागतो. नवशिक्या मुलाला आधी शुद्ध हात आणि निर्भय श्वास शिकवावा. वेगाची घाई त्यानंतर.

मला या पद्धतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तिचा थांबण्याचा नियम. आपल्याकडे घाम अधिक गाळला म्हणजे साधना अधिक झाली, अशी समजूत आहे. वेळ चुकू लागल्यावरही मुलाला पाण्यात रेटीत राहिल्याने त्याच्या अंगी मुरते ती चूक. खांदे दुखावतात, मन विटते, आणि गुणी मूल खेळच सोडून देते. योग्य रीतीने केलेली आवृत्ती मोजावी, ती बिघडू लागताच थांबावे आणि उद्या एक आवृत्ती अधिक साधावी, ही शिस्त कठोरही आहे आणि दयाळूही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यासारख्या शिक्षकांचे कार्यही याच जातीचे असते. विद्यार्थ्याकडून किती करवून घेतले, यापेक्षा काय पक्के झाले, हे ते पाहतात.